सगळ्यांना दारात उभं करणारे अण्णा

माझ्या लिहिण्यात चुका फार निघतील. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि शाळा तरी किती, निंबर्ग्यात चौथीपर्यंत. अक्षरही असं आहे की ओळ वर सुरू होते आणि खाली जाऊन संपते. हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर रागावू नये. मला फक्त अण्णांबद्दल लिहायचं आहे. तोंडानं सांगता आलं असतं तर लिहायला बसले नसते, पण चार माणसं समोर असली की मला बोलणं सुचत नाही.

अण्णा आमचे घरमालक. बिदरकडच्या मंठाळ गावात रस्त्याकडच्या खोलीत त्यांचा शूटिंगचा स्टुडिओ होता आणि मागच्या पडवीत आमचं भाकरीचं काम. पडवी त्यांचीच, पण आत यायचं झालं तर ते बाहेर थांबायचे, खोकायचे, मग कडी वाजवायचे.

"येऊ का अक्का?"

गंगाक्का आमची मुख्य. तिचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जातो. ती म्हणायची, "सोताच्याच घरात इचारून यायलाव. काय म्हणावं तुमाला!"

"भाडं घेतलो न्हवं? मग घर तुमचं झालं. भिंती तेवढ्या माझ्या."

आत आले की कोपऱ्यातल्या पोत्यावर बसायचे आणि एक कडक भाकरी मागून घ्यायचे. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची, पातळ थापलेली. तव्यावर भाजताना फडक्यानं दाबत राहायचं, मग चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. शेंगाच्या चटणीबरोबर आम्ही ती पुण्याला, हैदराबादला, बेंगळूरला पाठवतो. अण्णा लग्नाच्या शूटिंगला गेले की मांडवात जेवायचे नाहीत. सगळी पंगत उठेपर्यंत कॅमेरा चालू ठेवायचे आणि शेवटी पिशवीतली आमची भाकरी काढून मोडून खायचे. लग्नघरातली माणसं लाजायची. हे म्हणायचे, "माझं पोट भरलं की डोळे झाकतेत. जेवलेला माणूस शूटिंग करू शकत न्हाई."

सोमवारी अंघोळ झाली की ते आधी कॅमेऱ्याला विभूती लावायचे, मग आपल्या कपाळाला. उन्हात कॅमेऱ्यावर ओला पंचा टाकायचे आणि स्वतः उघड्या डोक्यानं उभे राहायचे. लग्नाला गेले की पहिल्यांदा नवरा-नवरीकडे जायचेच नाहीत. मांडवाच्या मागं जायचे, जिथं बाया तांदूळ निवडत असतात, कुणी रडक्या पोराला मांडीवर घेऊन बसलेली असते. "नवरीला सगळेच बगतेत," म्हणायचे, "हितं कोण बगायलंय?"

आणि त्यांचा सगळ्यात मोठा नेम असा होता की जे टिपलं ते कापायचं नाही. लग्न एका दिवसाचं आणि ते बघायला दोन दिवस, असं गावात सगळे हसायचे. तरी शूटिंग त्यांच्याकडूनच करून घ्यायचे आणि पेनड्राइव्ह नेताना भांडायचे. एकदा एक नवरीचा बाप स्टुडिओत येऊन ओरडत होता. मधे एकच भिंत, आम्हाला पडवीत सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, माझ्या पोरीच्या लग्नात हा आचारी किती येळ कांदा कापायलाय!"

"कांदा कापला म्हणून जेवलाव की."

"आनी ही म्हातारी कोण? आमच्यातली न्हाई. सोयऱ्यांना इचारलो, त्यांच्यातली बी न्हाई."

"मग तर ठिवायलाच पायजे. कुणाचीच न्हाई म्हणून कापू का तिला?"

त्या माणसानं पैसे कमी दिले. अण्णांनी मोजलेही नाहीत. मी मात्र ते बोलणं ऐकून तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. ती जळली आणि गंगाक्कानं मला दोन शब्द ऐकवले.

माझं सांगायचं तर, नवरा दुसरीकडे राहायला गेल्यावर मी निंबर्ग्याला भावाच्या घरी होते. भाऊ वाईट नाही. पण त्या घरात दुसऱ्यांदा भाजी वाढून घेताना मी वहिनीच्या तोंडाकडे बघायची. मंठाळला हे काम मिळालं आणि मी एक खोली घेतली. खोली लहान आहे, पण तिची कडी मी आतून लावते. काम टिकलं तर खोली टिकणार होती, नाहीतर पुन्हा भावाचं दार. म्हणून पुढं जे घडलं ते दुसऱ्या बायांपेक्षा मला जास्त लागलं असेल.

अण्णा मला तंगी म्हणायचे. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात. मी त्यांच्यासमोर पदर ओढून, पाठ करून बसायची, पण त्यांना कधी राग आला नाही. कॅमेरा घेऊन आले तर माझ्यापाशी थांबून विचारायचे, "तंगी, हात घेऊ का? तोंड न्हाई, नुसते हात." मी मान हलवली तरच घ्यायचे.

आमची एक वेबसाइट होती. बिदरला नौबादमध्ये एक मॅडम घरातूनच असली कामं करतात, त्यांनी करून दिलेली. साधी होती. वर लिहिलेलं, कडक ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दर काय, कुठं कुठं पाठवतो, फोन नंबर. खाली भाकरीचे दोन फोटो. परगावचा माणूस मोबाईलवर कडक भाकरी शोधायला लागला की आमचं नाव वरच यायचं. ऑर्डर सुटत नव्हत्या. पडवीत धूर मात्र फार व्हायचा, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून चिमणी बसवायला थोडे थोडे पैसे साठवले होते.

अण्णांना ती वेबसाइट आवडायची नाही.

"ह्ये काय घर हाय का दुकानाची पाटी?" ते म्हणाले. "लग्नघरी गेलं तर दारात पाटी असती का? दारात बाया असतेत. अत्तर लावतेत, साखर देतेत, हळदी-कुंकू लावतेत. पाव्हणा दारात आला की त्याला सगळ्या अक्का दिसल्या पायजेत. कोण भाकरी करायलंय त्ये कळाय पायजे का न्हाई?"

गंगाक्का म्हणाली, "मग काय, आमी मोबाईलच्या दारात हुबं ऱ्हावं का?"

"व्हय. पहिल्या पानावर. व्हिडिओत."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. कुणी नाही म्हणालं नाही. वरून शेत दाखवायला उडणारा कॅमेरा भाड्यानं आणावा लागणार होता, दिवेही. अण्णांकडे तेवढे पैसे नव्हते. चिमणीचे पैसे गंगाक्कानंच डब्यातून काढून दिले. तिलाही दारात उभं राहायचं होतं, आणि का राहू नये.

शूटिंगच्या दिवशी पेटीतली लुगडी निघाली. वयानं मोठी ती आधी, असं करत एकेकीनं चुलीसमोर उभं राहायचं, हात जोडायचे आणि आमच्याकडचा नमस्कार म्हणायचा, "शरणु शरणार्थी, या, जेवायला या." गंगाक्का सगळं विसरली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हणायचं व्हतं वो?" अण्णांनी ते तसंच ठेवलं. एकीला धुरानं शिंक आली, ती शिंक ठेवली. ज्वारीचं शेत ठेवलं, शेतातली बगळ्यांची रांग उडून पार दिसेनाशी होईपर्यंत ठेवली. माझे हात ठेवले.

मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, "अण्णा, फाईल फार जड झालीय. थोडी हलकी करून पाठवा."

"हलकी म्हंजे?"

"क्वालिटी थोडी कमी करायची."

"म्हंजे माझ्या अक्कांची तोंडं पुसट करू? मॅडम, तुमच्या आईचा फोटो पुसट करून लावताव का भिंतीवर?"

मॅडम हसल्या आणि लावला तसाच. वर लिहिलेलं सगळं अण्णांनी काढायला लावलं. नमस्कार करणाऱ्या बाईच्या अंगावर अक्षरं येतात, ते बरं दिसत नाही म्हणाले. दर आणि गावांची नावं आतल्या कुठल्या तरी पानावर गेली.

आम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ अण्णांच्या स्टुडिओत बघितला. तिथं तारेचं इंटरनेट होतं, पडदा मोठा होता, पाण्यासारखा चालला. गंगाक्का रडली. मीही. आपले हात इतके मोठे, इतके चांगले दिसतात हे मला माहीत नव्हतं.

मग ऑर्डर कमी झाल्या.

आधी वाटलं श्रावण आहे, लोक उपास करतात. श्रावण गेला. दसरा आला तरी तेच. गंगाक्का म्हणाली, इतक्या बाया एकदम दारात दिसल्या, नजर लागली. तिनं मीठ-मिरच्या घेतल्या आणि स्टुडिओत जाऊन त्या कॉम्प्युटरवरून उतरवल्या. अण्णा बाजूला उभे होते. त्यांनी माउससुद्धा उचलून वर धरला, तो राहून जाऊ नये म्हणून.

मिरच्या चुलीत टाकल्यावर ठसका आला नाही. गंगाक्का म्हणाली, "बगा, केवढी नजर व्हती!" पण ऑर्डर आल्या नाहीत.

काम दिवसाआड झालं. मग गंगाक्कानं सांगितलं, ज्यांची घरं गावात आहेत त्यांचं भागतंय, पण सगळ्यांना रोज बोलवणं जमणार नाही. मी सगळ्यांच्या शेवटी आलेली. तिनं माझं नाव घेतलं नाही, मला कळलं. त्याच आठवड्यात भावाचा फोन आला, "तुरी काढायला येत्यात. ये की हिकडं. तिथं खोलीचं भाडं भरत कामून बसायलीस?"

मी म्हणाले, बघते.

एका दुपारी पडवीत फोन वाजला. सगळ्यांचे हात पिठात होते. गंगाक्का ओरडली, "घे की गं, तुझे कोरडे हायत!" मी फोन कधी घेत नव्हते. घेतला. हैदराबादच्या एक बाई होत्या, नेहमीच्या गिऱ्हाईक. निम्मं आमच्यासारखं, निम्मं हैदराबादी बोलायच्या.

"अजी, दुकान बंद कर दिये क्या तुमलोगां?"

"न्हाई, चालू हाय."

"फिर पान कामून उघडत न्हाई? निस्तं पांढरं दिसतंय. गोल गोल फिरतंय. मी किती येळ धरून बसू? पयले शोधले की तुमचंच नाव वर यायचं, आता खाली खाली जाऊन बी दिसत न्हाई. दुसऱ्याकडची मागवली, अच्छी नै होती. जुन्या पुड्यावर हा नंबर मिळाला बगा."

मी त्यांची ऑर्डर लक्षात ठेवली आणि फोन ठेवला. बायांना काही बोलले नाही. आधी अण्णांना सांगावं असं वाटलं. दुसऱ्यांनी सांगितलं असतं तर ते चिडवून सांगितलं असतं.

ते स्टुडिओत कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि उंबऱ्याकडे बघत सगळं एका दमात सांगितलं. ते पुसतच राहिले.

"पांढरं?"

"व्हय अण्णा."

"एक बी अक्का दिसत न्हाई?"

"न्हाई म्हणाल्या."

"गंगाक्का बी न्हाई?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं. पाण्यासारखा चालला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा उघडला, पुन्हा चालला. मग ते उठले, पिशवीत भाकरी भरून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बसवकल्याणच्या बसस्टँडवर जाऊन बसले.

तिथं काय केलं ते त्यांनीच येऊन सांगितलं. गाडीची वाट बघणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसायचं आणि म्हणायचं, "बापू, तुमच्या मोबाईलवर एक पान उघडून दाखवताव का? बदल्यात भाकरी देतो." लोकांना ते भामटे वाटले. एका बाईनं पर्स दुसऱ्या काखेत घेतली. एक कंडक्टर म्हणाला, "आनी मग ओटीपी इचारणार न्हवं?" अण्णांनी त्याला भाकरी दिली, चटणी दिली, तेव्हा कुठं त्यानं उघडलं.

संध्याकाळी ते पडवीत पोत्यावर बसले. भाकरी मागितली नाही.

"अंगठा थांबत न्हाई अक्का," ते म्हणाले. "चकरी फिरती, फिरती, आनी अंगठा मागं जातो. मी बगत व्हतो, तोंडाकडं न्हाई, अंगठ्याकडं. मी काय बोलायच्या आत अंगठा मागं. एक मास्तर तेवढे थांबले, भला माणूस. त्यांच्या मोबाईलवर गंगाक्काचं कपाळ आलं आनी तितंच अडकलं."

"माझं कपाळ!" गंगाक्का म्हणाली. "कुकू तरी दिसलं का?"

"कुकवापस्तोर आलं व्हतं."

सगळ्या हसल्या. अण्णा हसले नाहीत, मग आम्हीही थांबलो.

मला घेऊन ते नौबादला गेले. "फोन तू घेतलीस, साक्ष तुझी," म्हणाले. मॅडमच्या घरात मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. मॅडमनी आपल्या मोबाईलवर पान उघडून समोर ठेवलं. पांढरं. गोल चकरी. आम्ही तिघं बघत होतो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी चकरी फिरतच होती.

"सर्चवाले पण हे मोजतात अण्णा," मॅडम म्हणाल्या. "पान उघडलं की समोरचं मोठं चित्र दिसायला किती वेळ लागतो, बघतात. नुसतं त्याच्यानंच माणूस खाली जातो असं नाही. पानावर लिहिलेलं काय आहे, ते जास्त महत्त्वाचं. पण आपण दोन्ही घालवलं. व्हिडिओनं पान जड झालं आणि त्याच्यासाठी लिहिलेलं काढलं. व्हिडिओत भाकरी आहे हे यंत्राला नीट कळत नाही. भाकरी असं लिहिलेलं पाहिजे."

"म्हंजे त्ये आंधळं हाय?"

"तसंच म्हणा."

अण्णांनी मान हलवली. "आंधळा पाव्हणा दारात आला आनी आमी त्याला निस्तं हसून दाखवलं. बोलाय पायजे व्हतं."

मॅडम म्हणाल्या, "मीच तेव्हा जोर करून सांगायला पाहिजे होतं. तुम्ही आईच्या फोटोचं बोललात आणि मला पुढं बोलवेना." मग त्यांनी समजावून सांगितलं. लिहिलेलं परत वर आणायचं. व्हिडिओ ठेवायचाच असेल तर छोटा करायचा, आवाज काढायचा, हलका करायचा. आधी एक फोटो दिसेल, आणि ज्याला बघायचं तो बोट लावेल तेव्हाच व्हिडिओ सुरू होईल.

"छोटा म्हंजे केवढा?"

"अर्ध्या मिनिटाच्या आत."

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. हुमनाबाद मागं गेल्यावर म्हणाले, "तंगी, अर्ध्या मिनिटात एक अक्का धड नमस्कार बी करत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओचं शटर अर्धं खाली. आमच्या पडवीत काम थोडं होतं, त्यामुळं भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. आमचेच आवाज. "शरणु शरणार्थी, या, जे..." तुटायचं. पुन्हा पहिल्यापासून. "काय म्हणायचं व्हतं वो" पुन्हा पुन्हा. शिंक पुन्हा पुन्हा.

"मला कापायलेत बगा," गंगाक्का म्हणाली.

"तुला कापायला करवत लागंल अक्का," शिंकणारी म्हणाली.

"आनी तुला काय, निस्ती शिंक ठिवतेत. नाक राहील, बाकीची जाशील."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अण्णा आले. दाढी वाढलेली. उभ्यानंच बोलले. "अक्का, तुमीच सांगा. कुणाला ठिवू?"

"मला," गंगाक्का म्हणाली. ती थट्टेत म्हणाली होती, पण मग दुसरीही म्हणाली, तिसरीही, आणि थट्टा राहिली नाही. कुणी कुणाचं वय काढलं. कुणी म्हणालं, वर्गणीचे पैसे माझे जास्त होते. अण्णा मधे उभे राहून एकीकडून दुसरीकडे बघत होते, लग्नात भांडण लागलं की बघतात तसे, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता. मी निंबर्ग्याचा विचार करत होते. मला वाटत होतं, कुणालाही ठेवा, पण पान उघडू दे.

ते तसेच परत गेले. सकाळी आले, खोकले, कडी वाजवली. चुलीच्या कडेला आम्ही भाकरी उभ्या करून ठेवल्या होत्या, एकीला एक टेकून. मागून उजेड येत होता. अण्णा खाली गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्या भाकरींचा एक फोटो घेतला. एकच. घेतला आणि कॅमेऱ्याचं झाकण लावलं. त्यांना एका फोटोवर थांबलेलं मी तेव्हाच बघितलं.

"झालं. ह्योच जाणार पहिल्या पानावर."

"आनी आमी?" गंगाक्कानं विचारलं.

"कुणीच न्हाई. एकीला ठिवून दुसरीला कापलो तर पाप लागंल. सगळ्यांना आत बसवतो. पूर्ण व्हिडिओ आतल्या पानावर ऱ्हाईल, ज्याला बगायचं त्यो बोट लावून बगील. दारात भाकरी."

गंगाक्कानं हातातलं फडकं खाली टाकलं. "वा! चिमणीचे पैसे गेले, आता तोंडं बी गेली. धूर तेवढा आमच्यापशी ऱ्हायला."

अण्णा म्हणाले, "पैसे उधार घेतलो म्हणा. फेडीन."

"उधार कुटं म्हणालो आमी? कामाचे दिलो."

"काम झालं न्हाई अक्का. तोंड दाखवतो म्हणून घेतलो आनी दाखवू शकलो न्हाई. तोंड परत देता येत न्हाई, पैसे तरी देऊ द्या."

त्या दिवशी त्यांनी दुसरंही एक काम केलं. प्रत्येकीचा आपापला तुकडा तिच्या तिच्या मोबाईलवर घातला, नमस्कार, शिंक, जे असेल ते. माझे हात मला दिले. शिंकणारीनं तिचा तुकडा सुनेला इतक्या वेळा दाखवला की सून माहेरी जाते म्हणाली.

मॅडमनी तो फोटो आणि आधीचं लिहिलेलं परत पहिल्या पानावर लावलं. त्यांनी आधीच सांगितलं होतं, लगेच काही होणार नाही, वाट बघा. पान मात्र लगेच उघडायला लागलं. अण्णा पुन्हा स्टँडवर जाऊन आले आणि म्हणाले, अंगठा आता खाली जातो, म्हणजे वाचायलेत. नाव वर यायला दिवस लागले. पहिल्यासारखं अगदी वर आलंच नाही, पण थोडं खाली सरकवलं की दिसायला लागलं. येळवशीच्या आधी, म्हणजे लोक शेतात जेवायला जातात त्या अमावस्येच्या आधी, ऑर्डर आल्या. गंगाक्कानं सगळ्यांना रोज बोलावलं, मलाही. मी भावाला फोन करून सांगितलं, तुरीला येत नाही. तो म्हणाला, बरं. त्यानंतर त्यानं विचारलं नाही.

आतल्या पानावरचा तो लांब व्हिडिओ शेवटपर्यंत किती जण बघतात ते मॅडमना कळायचं. अण्णा फोन करून विचारायचे. फार थोडे असायचे. "असू द्या," ते म्हणायचे, "लग्नात बी शेवटपस्तोर तेवढेच असतेत."

पैसे ते हप्त्यानं द्यायला लागले. भाड्यातून वळते करून घ्या म्हटलं तर ऐकायचे नाहीत. भाडं ते भाडं, उधारी ती उधारी. गंगाक्का महिन्याच्या महिन्याला त्यांच्या हातात भाडं ठेवायची. ते नोटा खिशात घालायचे, बाहेर जायचे, खोकायचे, कडी वाजवून पुन्हा आत यायचे आणि त्याच खिशातून त्यातल्याच नोटा काढून हप्ता म्हणून द्यायचे.

"अण्णा, ही माझीच नोट हाय. कोपरा फाटलेली."

"तुमची व्हती. मधे माझी झाली."

हप्ता दिला की पोत्यावर बसून भाकरी खायचे, कुठल्या लग्नात काय झालं ते सांगायचे. आम्हाला त्या दिवसाची वाट बघायची सवय लागली. चिमणी आली ती अर्धी त्यांच्या हप्त्यांतून, अर्धी येळवशीच्या पैशांतून. तरी हप्ते चालूच होते.

मग त्यांचे डोळे कमी झाले. एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब माणूस समजून बराच वेळ टिपला. लोक हसले. त्यांनी ते पण कापलं नाही, पण नंतर कामं घेतली नाहीत. त्यांची मुलगी कलबुर्गीला असते. ती न्यायला दोनदा आली. तिथं डोळ्याचा दवाखाना जवळ होता. दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "उधारी ठिवून गाव सोडत न्हाई."

मुलगी गंगाक्काला म्हणाली, "अक्का, सोडा की राहिलेलं." गंगाक्का म्हणाली, "मी तर कवाच सोडले. त्यांना सोडवंना." पण मुलगी गेल्यावर तिचं दुसरंच सुरू झालं. अण्णांनी पैसे पुढं केले की म्हणायची, पुढच्या महिन्यात द्या, आत्ता सुटे नाहीत, आज अमावस्या आहे. थोडेच राहिले होते. ते फिटले की अण्णा जाणार, हे तिला कळत होतं, आम्हालाही.

मुलगी तिसऱ्यांदा गाडी घेऊन आली. अण्णा पडवीत आले, हातात घडी केलेल्या नोटा. त्यांना बघून गंगाक्कानं दोन्ही हात पिठात घातले. तिचं बघून शेजारणीनं घातले, मग ओळीनं सगळ्यांनी. काटवटीत नुसते हात, भाकरी कुणी थापत नव्हतं.

"हात रिकामे न्हाईत अण्णा," गंगाक्का म्हणाली. "मागून या."

मी कोपऱ्यात भाकरी पुड्यात भरत होते. अण्णा भिंतीला हात लावत लावत माझ्यापर्यंत आले. त्यांना किती कमी दिसत होतं ते मला तेव्हा कळलं, नोटा त्यांनी माझ्या हातापासून वीतभर बाजूला धरल्या होत्या.

"तंगी, तू घे."

मी गंगाक्काकडे बघितलं. ती मान हलवून नको म्हणत होती. बाहेर मुलगी गाडीजवळ उभी होती. मी हात पदराला पुसला, नोटांपर्यंत नेला आणि घेतल्या.

"मोज," अण्णा म्हणाले.

मी मोजल्या.

"पुरं हाय का?"

"पुरं हाय."

गंगाक्का आमच्याकडे पाठ करून बसली होती. तशीच बसून तिनं विचारलं, "काय राहिलं का गं?"

"न्हाई अक्का," मी म्हणाले. "सगळं फिटलं."